शिलाईच्या वह्या

१४ जून
तिसरीच्या लेखनवह्या निवडल्या. आलेला खरा खर्च: एक रविवार, चपलेचा एक अंगठा आणि हिचा अबोला, जो अजून चालू आहे. वह्या शिलाईच्या, जाड पुठ्ठ्याच्या. दुकानदार पिनांच्या स्वस्त वह्या पुढे सरकवत होता. त्याला सांगितलं, शिकत असताना पाच वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात काढलीत, मला वही शिकवू नका. तर म्हणतो, साहेब, मुलांना लिहायचंय की नातवंडांना ठेवायचंय? माणूस विनोदी आहे.

१६ जून
मोठ्या बाईंची अट: पालकसभेत प्रत्येक मुलाने स्वतः लिहिलेलं एक पान वाचायचं. नाहीतर माझा लेखनाचा तास गणिताच्या बाईंना. मी नोकरीला लागल्यापासून गणिताच्या बाईंचा त्या तासावर डोळा आहे. हसत म्हटलं, एक पान कसलं, वह्या भरून दाखवतो!

२० जून
टेबलांप्रमाणे चार रंगांची कव्हरं. तपकिरी कुणालाच नको. तपकिरी टेबल रडलं. अदलाबदल केली, मग निळं टेबल रडलं. शेवटी सगळ्यांना तपकिरी. आता सगळे सारखेच नाराज, म्हणजे शिस्त आली. लिहिणं उद्या.

२७ जून
उद्या म्हटलं होतं, पण पाया पक्का हवा. पानांना क्रमांक मीच घातले, अनुक्रमणिकाही आखली. समास दोन बोटांचा. कुणाची बोटं यावर वाद झाला, माझी ठरली. एक मुलगी सतत चिवचिवते, तिला सगळे चिमणीच म्हणतात. तिने विचारलं, सर, चुकलं तर पान फाडू? मुलांना शास्त्र समजावलं: शिलाईच्या वहीत एक पान फाडलं, की पलीकडचं जोडीदार पानही सुटतं. माझं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पेन्सिली खाली ठेवल्या त्या घंटेपर्यंत कुणी उचलल्या नाहीत.

४ जुलै
वह्या रॅकमध्ये उभ्या मावत नाहीत. आडव्या ठेवल्या तर नंबर दिसत नाहीत. पाठीला लेबलं लावली. मॉनिटरच काढणार, मॉनिटरच ठेवणार. वाटून होईपर्यंत तास संपला. सिस्टिम म्हटलं की सुरुवातीला असं व्हायचंच.

११ जुलै
रॅक इतका देखणा दिसतोय, की विस्कटेल म्हणून आज वह्या काढल्याच नाहीत. हिचा अबोला संपला. विचारते, मग मुलं तासभर करतात काय? म्हटलं, सिस्टिम शिकतात. पुन्हा अबोला.

१८ जुलै
माझे कान तिखट. मागच्या टेबलांवर पेन्सिलींची खरखर. धावलो. कार्टी गणिताच्या वहीतून सुटलेल्या पानांवर लिहीत होती! चिमणीची तर तीन पानं: मामाच्या कुत्र्याने घराची किल्ली गिळली, सगळं घर अंगणात बसून कुत्र्याकडे बघतंय. उभ्या उभ्या वाचलं, पुढे काय झालं विचारलं, आणि मग रागावलो. हे चांगल्या वहीत का नाही? म्हणाली, सर, तिथे जोडीदार सुटतो ना. पोरगी गुणी आहे, पण समास सोडत नाही.

२५ जुलै
पालकसभा उद्या. सगळं लेखन शिलाईच्या वहीत उतरवून घ्यायचं असा हुकूम सोडला. वह्या उघडून मुलं माझ्याकडे बघत बसली. मी त्यांच्याकडे. जाऊ दे, वाचायचं तर तोंडानेच आहे.

२६ जुलै
प्रत्येक मुलाने एक पान वाचलं. टाळ्या. कुत्र्याची गोष्ट संपली तेव्हा मोठ्या बाई डोळे पुसत हसत होत्या. अट पुरी झाली, मी आभाराला उठलो. तेवढ्यात त्यांनी मुलांना विचारलं, इतकं लिहायला शिकवलं कुणी? चिमणी म्हणाली, गणिताच्या बाईंनी. उदाहरणं लवकर झाली, की त्या गणिताच्या वहीची मधली पानं काढून देतात आणि म्हणतात, चुकलं तर दुसरं घे.
सोमवारपासून लेखनाचा तास गणिताच्या बाई घेतील. मोठ्या बाईंनी रॅकमधल्या वह्या एकेक करून पाहिल्या. आतलं अक्षर सगळं माझं होतं.