अक्कांच्या लुगड्याचा उरलेला तुकडा

मी, सौ. सुलक्षणा समाधान पाटील, वय ४६, बी.ए., व्यवसाय शिवणवर्ग, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाविना, स्वहस्ते लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण कच्चा टाका घातल्याशिवाय मला मशीनवर बसवत नाही, म्हणून हे लिहिणे.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा पती समाधान यांना आणि माझ्या नावची ठेव मुलगी दिपमाला हिला मिळावी.

२. दोन्ही मशीन, कात्र्या आणि वर्ग माझी विद्यार्थिनी प्रज्ञा रविंद्र अहिरे हिला द्यावा. ती नात्यातली नाही, असे कोणी म्हणेल. नात्यातल्या कोणी माझ्याकडे दहा वर्षे काजे-बटणे केलेली नाहीत. वाक्य कडवट झाले, पण खरे असल्यामुळे खोडत नाही.

३. खरे कापड कापण्याआधी आम्ही कच्चा कपडा शिवून अंगावर पाहतो. त्यासाठी जमवलेले कपाटभर मांजरपाट, जुन्या साड्या, चादरी, टी-शर्ट, सगळे प्रज्ञाचे. अट एकच. जॉर्जेटच्या कुर्त्याचा कच्चा जुन्या जॉर्जेट साडीचाच करावा आणि ताणणाऱ्या कापडाचा ताणणाऱ्याचाच. मांजरपाट ताठ असतो, चूक झाकतो. दीर भाईदासभाऊ या कपाटाला ‘चिंध्यांचं म्युझियम’ म्हणतात. त्यांना त्यातलाच एक उशीचा अभ्रा शिवून द्यावा. (हे वाक्य दोनदा खोडले, तिसऱ्यांदा लिहिले.)

४. ठेवलेल्या कच्च्या ब्लाउजांच्या आत बायकांची नावे आहेत. कोणाचा खांदा उतरलेला, कोणाच्या पाठीला बाक, हे शिवणारीपलीकडे जाऊ नये. नावांच्या पट्ट्या उसवून जाळाव्यात.

५. ज्या ब्लाउजसाठी माझे नाव झाले, त्याचे श्रेय माझे नाही. हे नोंदवल्याशिवाय सही करणे मला बरे वाटत नाही. दोंडाईच्याला मी द्रौपदाबाई अक्कांकडे शिकत होते. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या एक बाई आल्या. महिन्यावर मुलीचे लग्न होते. मी कच्च्यासाठी कोरा मांजरपाट काढला. अक्कांनी तो माझ्याच गळ्याखाली घासला.

“खुपस ना? मंग तिना जखमले कसं वाटी?”

“अक्का, कच्चाच तर आहे. दहा मिनिटं घालायचा.”

“तिले अंग उघडं करानं शे, पोरी. त्या धा मिन्टं तू मोज.”

आणि त्यांनी पेटीतून स्वतःच्या लग्नातले, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे काढून कात्री लावली. मी ओरडलेच, “अहो, लग्नातलं!”

“पेटीमा ठेईसन काय पूजा करू?”

बाईंनी कच्चा ब्लाउज घातला, हळूच हात वर केला आणि आरशासमोरून हलेचनात. मग म्हणाल्या, “मी हाच घालून जाते. खरा शिवा सावकाश.” टाके माझे होते, म्हणून त्यांनी गावभर माझे नाव सांगितले. मी ते कधी दुरुस्त केले नाही. कापड निवडले तेव्हाच तो ब्लाउज बसला होता, आणि ते अक्कांनी निवडले होते. तेवढी नजर मला अजून आलेली नाही.

६. त्या लुगड्याचा मीटरभर तुकडा अक्का शेवटच्या आजारात माझ्या स्वाधीन करून गेल्या. तो वरच्या खणात आहे. दिपमाला तो काचेच्या चौकटीत लावू म्हणते. लावू नये. मी दवाखान्यातून परतले, तर प्रज्ञाने माझा कच्चा ब्लाउज त्यातूनच बेतावा. मी “असू दे गं, मांजरपाट चालेल” म्हणेन. माझे ऐकू नये. परतले नाही, तर त्या बाईंसारखी जी पहिली बाई वर्गाच्या दारात येईल, तिच्यासाठी कापावा. तिला किंमत विचारू देऊ नये.

प्रज्ञा साक्षीला तयार होती. लाभ तिचाच असल्याने तिची सही घेतली नाही. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आहे.

साक्षीदार:
१. पुष्पाबाई झुलाल महाजन, शेजारी (सही)
२. जीवराम भटू चौधरी, निवृत्त शिक्षक, असोदा (सही)

जळगाव, मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५
सुलक्षणा समाधान पाटील (सही)