विसरलो असेन

रविवार, १९ जानेवारी, दुपार

प्रिय बाबा,

नमस्कार. "तीर्थरूप लिही, शोभतं," असं आईने बजावलं होतं, पण ते लिहिलं की पुढे मला एक ओळ सुचत नाही. म्हणून नुसतंच प्रिय. मी मजेत आहे. खोकला गेला. खोली बरी आहे. खिडकीचं एक दार लागत नाही, त्यात वर्तमानपत्राची घडी कोंबली आहे. खोलीतली मैत्रीण झोपेत बोलते आणि सकाळी मलाच विचारते, मी काय बोलले म्हणून.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "जेवलीस का?" विचारता आणि मी "हो" म्हणेपर्यंत फोन आईच्या हातात गेलेला असतो. पत्रही तसं देता येतं म्हणा, पण आधी वाचा आणि मग द्या.

तुम्ही शेजारच्या काकांना सांगता ना, "पोरगी मनाचं शिकते आणि गुन्ह्याचंही शिकते, नक्की काय ते तिलाच विचारा", तर सांगते. क्लिनिकल मानसशास्त्र म्हणजे मन कुठे दुखतंय ते बघायचं. फॉरेन्सिक म्हणजे तेच मन पोलिसांसमोर, कोर्टासमोर उभं राहिलं की कसं वागतं ते बघायचं. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्यांना पुस्तकातले सगळे आजार झाले. मी मैत्रिणीला तीन लावले, तिने मला चार. मग आमच्या बाईंनी पहिला नियम सांगितला. घरच्यांवर निदान लावायचं नाही. "घरी तुम्ही मुलं आहात. तिथे अक्कल पाजळायची नाही." सगळे हसले. मी जरा उशिरा हसले.

पण काय विषय आहे हा, बाबा. मध्यंतरी बाईंचा तास चालू असताना एक इलेक्ट्रिशियन आला आणि मागची ट्यूब बदलून गेला. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पुढच्या तासाला बाईंनी प्रत्येकाला एक प्रश्न दिला. त्याची शिडी लाकडी होती की अ‍ॅल्युमिनियमची? मी बेधडक लिहिलं, अ‍ॅल्युमिनियमची. वर हेही लिहिलं की एक पायरी वाकलेली होती आणि मिटताना खडखड आवाज झाला. मग बाईंनी त्या तासाचं चित्रण लावलं. माणूस आला, बाकावर चढला, ट्यूब बदलली, उतरला, गेला. शिडी नव्हतीच.

बाईंनी विचारलं, "यात खोटं कोण बोललं?" कुणीच नाही. मला ती शिडी अजून दिसते. नव्हती हे माहीत असून दिसते, वाकलेल्या पायरीसकट. मी थक्क झाले. आधी घाबरले आणि मग नुसतं नवल वाटत राहिलं, अगदी लहानपणी वाटायचं तसं. आपलं डोकं किती भिडस्त आहे बघा. कुणी अधिकाराने विचारलं की त्याला "माहीत नाही" म्हणवत नाही. पाहुण्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून ते एक शिडी बनवून देतं.

म्हणून बाई प्रश्न विचारताना जपून शब्द वापरतात. आम्हाला काचेपलीकडून बघायला बसवतात. एकदा एका गुन्ह्यातली साक्षीदार बाई त्यांच्यासमोर होती, आधी सगळ्यांशी भांडून आलेली. आमच्या बाई फक्त म्हणाल्या, "त्या दिवसाचं आठवेल तसं सांगा." आणि गप्प बसल्या. कितीतरी वेळ. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली होती. तुम्ही मला रेडिओ म्हणता ते उगाच नाही. आणि मग ती बाई हळूहळू बोलायला लागली. जे कुणी विचारलंच नव्हतं ते सगळं बोलली. इतकी साधी गोष्ट आणि आपण ती कुणासाठीच करत नाही.

थांबा, चहा घेऊन येते.

आले. चहा पाणचट होता. तर बाबा, इस्त्री.

आपल्या घरात हा शब्द कुणी काढत नाही. मैत्रिणीने माझे चुरगळलेले कपडे बघून विचारलं, "तुझ्याकडे इस्त्रीची पद्धत नाही का गं?" मी म्हटलं, माझे बाबा कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीचे मुख्य कारागीर होते. ती म्हणाली, मग तर कमालच आहे.

तुम्हाला माहीत असलेलंच लिहिते आहे, कारण मला ते ओळीने मांडायचं आहे. कारखान्याला आग लागली तेव्हा मी सातवीत होते. माणसं वाचली, पण छप्पर गेलं आणि सगळ्यांची कामं गेली. त्या संध्याकाळी सगळ्यात शेवटी तुम्ही निघाला होता. त्यानंतर तुम्ही कारखान्यात कापड कापणारे कटिंगवाले काका दिसले की रस्ता ओलांडायला लागलात. आणि घराला कुलूप लावलं की कोपऱ्यावरून परत फिरायला लागलात. गॅस, बटणं, नळ, पुन्हा गॅस. आपण कुठल्याच लग्नाला वेळेवर पोचलो नाही आणि आम्ही त्याची थट्टा करत आलो.

मला आठवत होतं की आगीनंतर तुम्ही घरी आलात आणि आईला म्हणालात, "बंद करायला विसरलो असेन." आणि पुढे कधीतरी त्यातला "असेन" गळून पडला. "विसरलो" एवढंच उरलं. पण माझ्या आठवणीवर मी आता कसा विश्वास ठेवू? माझ्याकडे तर शिडीसुद्धा आहे.

म्हणून आईला फोन केला. बाईंसारखं विचारलं. "आग लागली त्या दिवशी बाबा घरी आले तेव्हाचं सांग, आठवेल तसं." आणि जीभ दातांखाली धरली. आईच्या बाबतीत गप्प बसायला विशेष कला लागत नाही म्हणा, ती मधे बोलूच देत नाही. तिने तुमच्या शर्टाच्या वासापासून सुरुवात केली. मग मालकांनी काय विचारलं ते सांगितलं. "शेवटी कोण निघालं?" तुम्ही म्हणालात, मी. "इस्त्री बंद केल्याचं आठवतंय?" आता रोज जी गोष्ट हात आपोआप करतात ती कुणाला आठवते, बाबा? तुम्ही म्हणालात, नाही आठवत. "म्हणजे विसरलात." हे मालकांनी विचारलं, मग विम्याच्या माणसाने, मग पोलिसांनी, मग पुन्हा मालकांनी. आणि आई म्हणाली, "घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, विसरलो असेन गं. पाणीसुद्धा घेतलं नाही."

असेन. मी तो शब्द तिच्या तोंडात घातला नव्हता. मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून रडले.

पुढे तिने हेही सांगितलं की आगीचं कारण शेवटपर्यंत सापडलंच नाही. सगळ्यांना एक माणूस सापडला होता, तेवढ्यावर भागलं.

मी बाईंना सांगितलं, एका ओळखीच्या माणसाचं म्हणून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मीच म्हटलं, बाबांचं. त्या म्हणाल्या, "तू त्यांची डॉक्टर नाहीस. परत फिरण्याचं जे आहे त्यासाठी माणसं असतात, ती शोधता येतील. पण मुलीला जे माहीत आहे ते तिने सांगायला माझी हरकत नाही." तुम्ही हो म्हणालात तर अशा एका डॉक्टरांकडे आपण मिळून जाऊ.

बाबा, तुम्ही इस्त्री बंद केली होती असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. पण तुम्हालाही माहीत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. इतकी वर्षं तुम्ही एका वाक्याची शिक्षा भोगताय आणि त्या वाक्यातला शेवटचा शब्द कुणीतरी काढून घेतलाय. तुमचा तो शब्द मी परत पाठवते आहे.

आणि एक. मला सोडायला आलात तेव्हाही तुम्ही बस स्टँडच्या दारातून परत फिरलात. बस सुटली. मी खिडकीतून आईला हात केला आणि तुमच्यासाठी ठेवलेला हात तसाच राहिला. रागावले नव्हते. फार वाईट वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात आम्हाला पहिल्यांदा कोर्टात बसायचं आहे आणि बाईंना आमच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट हवा. शनिवारी घरी येते. मैत्रिणीची इस्त्री आणते. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ, असं तुमच्याच हातचं बघत मी मोठी झाले, तेव्हा मला शिकवायच्या भानगडीत पडू नका, तुम्हीच करा. झाली की बटण बंद करा, एकदा बघा, आणि आपण कोपऱ्यापर्यंत चालत जाऊ. तुम्हाला परत फिरावंसं वाटेल. जोरात वाटेल. तेव्हा कोपऱ्यावर उभे राहू, जितका वेळ लागेल तितका. मी एक शब्द बोलणार नाही, हे मी लिहून देते आहे.

मी तुमच्याबरोबर असेन. या "असेन"बद्दल मात्र कुणी शंका घ्यायची नाही.

तुमचा,
रेडिओ