रिचर्डचं कुबड

यॉर्क, रविवार

प्रिय आई,

आधी सांगून टाकतो: खोकला गेला, मोजे कोरडे आहेत आणि आज पोटभर जेवलोय.

राजा तिसऱ्या रिचर्डचं काम बरं चाललंय. लोक मला बघून दातओठ खातात, म्हणजे जमत असणार. माझी पाठ मुळातच वाकडी म्हणून भूमिका मिळाली, पण दिग्दर्शकाला तेवढ्यानं भागेना. वर कुबडासाठी उशी बांधतात. बाकीची मंडळी दुसरीकडे एकत्र उतरलीत. मला इथे शांतता मिळते.

घरमालकीण ओल्डरॉइडबाई मात्र चिडलेल्या असतात. इथल्यांना रिचर्ड म्हणजे घरचा राजा. "ज्यांनी त्याला मारलं, त्यांच्याच भाटांनी इतिहास लिहिला," त्या म्हणतात. "कुबड त्यांनी चिकटवलं आणि तुम्ही नाटकवाले ते फुगवत बसलात!"

आज दुपारी जेवायला बसलो तर म्हणाल्या, "अरे, आज खेळ नाही ना? मग जेवताना तरी ते कुबड उतरवून ये."

उशी थिएटरातच होती, आई.

मी वर गेलो. तू करायचीस तसा उतरत्या खांद्यावर सदऱ्याच्या आत मोजा घडी करून घातला, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि खाली आलो.

"आता कसा माणसात आलास!" म्हणत त्यांनी आणखी बटाटे वाढले. बाई प्रेमळ आहेत.

बाबांचा गुडघा कसा आहे? मांजर माझ्या खुर्चीत झोपते का?

तू खांद्यात कापूस भरून शिवलेला तो निळा कोट पाठवशील? इथे थंडी फार आहे.

तुझाच,
विल्फ्रेड