हौसाच्या नावावरची साखर

दापोडे, ता. भिवंडी
११ फेब्रुवारी २००६

तीर्थस्वरूप विठूभाऊ यांच्या चरणी तुळशीरामाचा साष्टांग नमस्कार.

(तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आजवर मी तुम्हाला 'चिरंजीव विठू' असं लिहीत आलो, अरे-तुरे करत आलो, आणि जावई म्हणून तुमच्या दारात पाय धुवून घेत आलो. आज तुम्ही एकदम तीर्थस्वरूप कसे झालात, ते खाली कळेल. कळल्यावर मला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.) इकडे सर्व ठीक. भाविकाची बारावी जवळ आली, पुस्तक उघडं असतं, पुढचं देवाला माहीत. गोडाऊनच्या ट्रेलरने पुन्हा आपल्या कुंपणाचा खांब पाडला. तुमची, वहिनींची आणि मृणालीची तब्येत उत्तम असेल. तब्येतीचा विषय निघालाच आहे तर तोच पुढे नेतो. (फोनवरच बोललो असतो, पण तुमचा आवाज ऐकला की माझी जीभ पुन्हा घसरेल. तिच्यावर माझा भरवसा राहिलेला नाही.)

आमच्या घरात साखर निघाली हे तुम्हाला माहीत आहे. कोणाला निघाली, हे मात्र तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलंय. तुमच्या ताईला, हौसाला काहीएक झालेलं नाही. डायबेटीस मला आहे.

आता हे उलटं कसं झालं ते ऐका. दिवाळीनंतर माझ्या पायांना मुंग्या येत होत्या आणि घागरभर पाणी पिऊनही तहान भागत नव्हती, म्हणून निजामपुऱ्यातल्या डॉक्टरकडे गेलो. त्याने उपाशीपोटीचं रक्त घेतलं, जेवल्यावरचं घेतलं, आणि दोन आकडे लिहून फाइल माझ्या हातात दिली. आता तुम्हाला माझी कीर्ती ठाऊक आहे. आमच्या पट्ट्यातल्या लग्नांत जिलेबीचा पहिला घाणा माझ्या ताटात पडून मी मान डोलावल्याशिवाय आचारी पुढचा घाणा काढत नाही. माणसाला गावात कशाचा ना कशाचा मान असतो, मला याचा होता. (शिक्षण नाही, पुढारीपण जमलं नाही, उरलं काय?) तर ती फाइल घेऊन मी दवाखान्याचा जिना उतरतोय आणि खाली समोर शेजारचा नामा उभा. फाइल कोणाची, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, "हिची." एकदाच बोललो असतो तर तोंडातून निसटलं म्हणता आलं असतं. पण शेजारच्या लूमच्या खडखडाटात नामाला ऐकू गेलं नाही, म्हणून मी तेच दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं.

तिथून मी तासभर बाजारात उगाच फिरलो. घरी पोचलो तेव्हा नामाची बायको गुणाबाई कारल्याचा रस घेऊन आमच्या ओटीवर बसलेली. (नामाकडे नवीन मोबाईल आहे. त्याचा उपयोग आजवर एवढाच झाला.) हौसाने माझ्या काखेतली फाइल पाहिली, मग माझं तोंड पाहिलं, आणि पेला उचलून सगळा रस पिऊन टाकला. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. गुणाबाई गेल्यावर मला एवढंच विचारलंन, "किती निघाली?" मी आकडा सांगितला. विठूभाऊ, त्याच संध्याकाळी मी नामाकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. मी जेवून झोपलो.

तेव्हापासून घरात 'हौसाच्या पथ्याचा' स्वयंपाक होतो आणि तो मी खातो. पहाटे गोडाऊनच्या रस्त्याने लोक आम्हाला चालताना बघतात आणि म्हणतात, तुळशीराम बायकोसाठी किती करतो बघा. मी मान खाली घालून चालतो, तर त्यांना वाटतं विनयशील आहे. कोणाच्या घरी गेलो की बिनसाखरेचा चहा हौसापुढे येतो आणि साखरेचा माझ्यापुढे, मग यजमानांची पाठ वळली की आम्ही कप बदलतो. चार घरी बदलले. पाचव्या घरी हौसाने कप पुढे सरकवला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत माझाच प्यायलो. तिने तो फिका चहा तसाच संपवला. पुढच्या तपासणीत आकडा वर गेला तेव्हा डॉक्टरने विचारलं, चोरून काय खाता? मी म्हटलं, काही नाही. (खातो कुठे, पितो.)

सगळ्यात वाईट झालं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवात. बायकांनी तिच्या हातावर ठेवलेला तिळाचा लाडू परत उचलून घेतला आणि नुसते तीळ दिले. वाण म्हणून कोणाला स्टीलची वाटी, कोणाला डबा, आणि आमच्या हौसाला तीन घरांतून मिळून सव्वा किलो कारली. ती कारली आठवडाभर मी खाल्ली, हा न्याय झाला असं मी मनाला समजावत होतो. पण परत उचललेल्या लाडवाचं काय, ते मला खाऊन फेडता येईना.

आणि परवा तुमचा फोन आला. ताईला दगदग नको, गोडाचं तिला चालणार नाही, म्हणून मृणालीच्या साखरपुड्यात आत्याचा मान चुलतबहिणीला, आक्काला दिलाय, असं तुम्ही मायेने सांगितलंत. हौसा "बरं" म्हणाली. फोन ठेवून ट्रंकेपाशी गेली, मृणालीसाठी घेतलेलं लुगडं बाहेर काढलं, घडी मोडली, पुन्हा घातली, आणि परत ठेवून दिलं. मी दारात उभा होतो. माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटते, विठूभाऊ. एवढी की हे पत्र मी तीनदा फाडलं.

तुमचा अपराधी,
तुळशीराम

ता. क. : विनंती एकच. एकोणीस तारखेला आत्याचा मान हौसालाच द्या, आणि सगळ्यांच्या देखत पहिला पेढा तुमच्या हाताने तिला भरवा. कोणी विचारलं तर सांगा की नव्या तपासणीत काही निघालं नाही, पहिला रिपोर्टच चुकला होता. पत्र वाचून जाळून टाका.

दुसरा ता. क. : पाकीट बंद करण्याआधी ते हौसाच्या हाती सापडलं. ओटीवर बसून तिने बोट फिरवत सगळं वाचलं, वरचा ता. क. दोनदा वाचला, आणि म्हणाली, "जालाचा कशाला? वाचा म्हनावं मांडवात." मी खूप विनवलं. शेवटी तिच्याशी तडजोड झाली ती अशी की जाळण्याबद्दलचा मजकूरही वाचायचा. तेव्हा विठू, पेढा भरवून झाला की हे पत्र मोठ्याने वाच. नामा आणि गुणाबाईंना आमंत्रण दे, ऐकू आलं नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा वाच. मान वर काढून बसणं मला जमणार नाही, पण पुढच्याच रांगेत बसेन. माझ्यासाठी चहा बिनसाखरेचा सांग.