माह्या रक्ताचं माप

४ जुलै
किडनी तपासाची नवी मशीन आली. नखाएवढ्या चिपवर रक्ताचा थेंब टाकाचा, आतून उजेड फिरते अन् दहा मिनिटांत हिरवं नाही तं लाल. पण अगोदर तिले एका निरोगी माणसाचं रक्त दाखवा लागते. त्याच्यावरूनच बाकीच्यांचं मापते. इंजिनिअर सर म्हणे, कोणाचं घ्याचं? म्हटलं, माहं घ्या, मले काय धाड भरली! फॉर्मवर होतं, 'महिन्याभरात किडनीची तपासणी केली का?' 'हो' लिहून सही ठोकली. लॅब माहीच, पण स्वतःचं रक्त पाहाले वेळ कोणाले?

११ जुलै
झरीकडच्या पोडावर, कोलामांच्या वस्तीवर, शिबिर. सगळे हिरवे. डॉक्टर सर खूश, लोक खूश. या भागातल्या बोअरचं पाणी किडनी खाणारं, तरी एकही लाल नाही? जाऊ दे. सोनाबाईचे पाय सुजेल, तोंडही. पण हिरवं. तिले सांगतलं, भेऊ नको, किडनी चांगली हाय. तिची पोरगी, तीही हिरवी. दोघी हसत गेल्या.

२ ऑगस्ट
सोनाबाईले यवतमाळले भरती केलं. दोन्ही किडन्या गेल्या म्हणतात. मशीनले पोटभर शिव्या घातल्या. मंग इंजिनिअर सरले फोन. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तुमची तपासणी केलती ना?"
हो म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं.

३ ऑगस्ट
सगळ्यांच्या अगोदर लॅब उघडली. जुन्या पद्धतीनं स्वतःचं रक्त लावलं. क्रिएटिनिन ३.१, पाहिजे एकाच्या आसपास. परत लावलं. तेवढंच. बारा वर्षं मीही तेच पाणी पिऊन राह्यली, डोक्यात कसं नाही आलं? मशीन चुकली नाही. ज्याचं रक्त माह्यासारखं, त्याले ती निरोगी म्हणत गेली. अख्खं पोड…
भेव वाटते. माह्यासाठी जास्त का त्यांच्यासाठी, सांगता येत नाही.

५ ऑगस्ट
डॉक्टर सरले सांगतलं. फॉर्मचं सोडून. ते म्हणे, तुमचं रक्त यवतमाळले पाठवू, तिथून रिपोर्ट येऊ द्या, तोवर कोणाले बोलू नका, लोक पुन्हा सुई लावू देणार नाहीत. लाज वाटते लिहाले, पण बरं वाटलं ऐकून. घरी नवऱ्याले काही सांगतलं नाही.

८ ऑगस्ट
रिपोर्ट नाही आला. सकाळी सोनाबाईची पोरगी आली, एकटीच, पायी. माय आता ओळखत नाही म्हणे. मंग हळूच, "मायचं चुकलं असन, बाई. माहं तं बरोबर हाय ना?"
बस म्हटलं. ती बाकावर बसून हाय. मी आत येऊन हे लिहून राह्यली.