मढची मोटार

आबा, काल घरातला मिक्सर जळला. दुकानदार म्हणाला, ताई, दुरुस्त कशाला करता, नवाच घ्या. मी नवा घेतला, पण जुना टाकून दिला नाही. तो उघडून मी बाल्कनीत बसले आणि जळक्या तारेचा वास नाकात गेल्याबरोबर आपलं मंचरचं दुकान समोर उभं राहिलं. हायवेला तोंड करून असलेला तो पत्र्याचा गाळा, दारात ओळीनं पडलेल्या शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी आणि फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळत बसलेले तुम्ही. वेढे मोजत असताना तुम्ही कुणाशीच बोलायचा नाहीत. गिऱ्हाईक कितीही मोठा असो, तुमचा डावा हात वर झाला की त्यानं गप बसायचं. कुणी बोललंच आणि आकडा हुकला, तर तुम्ही सगळी तार उकलून पुन्हा एकपासून सुरू करायचा. एकदा आईनं चहा घेता का म्हणून विचारलं आणि तेवढ्यावरून दोन दिवस अबोला झाला, तेव्हा मला तुम्ही अगदीच आडमुठे वाटला होतात.

मी दहावीची परीक्षा देऊन रिकामी होते त्या उन्हाळ्यातली गोष्ट. व्होल्टेज इतकं कमी असायचं की गावोगावी मोटारी जळत होत्या. मढचा एक शेतकरी शेजाऱ्याच्या कांद्याच्या टेम्पोत आपली मोटार टाकून मंचरला आला. ओतूर-जुन्नरला दुकानांत आधीच मोटारींची रांग लागली होती आणि त्याच्या कांद्याला अजून दोन पाणी द्यायची होती. नेमका आदल्या दिवशी तारेनं तुमचा अंगठा कापला होता, त्यावर हे एवढं मोठं फडकं. तुम्ही त्याला नाही म्हणणार, एवढ्यात मी म्हणाले, मी भरते मोटार, तार मी गुंडाळते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग स्टूल सरकवून दिलंत.

पहिली दोन वेटोळी नीट झाली, प्रत्येकी अठ्ठेचाळीस वेढ्यांची. तिसऱ्याच्या वेळी हायवेवर एका ट्रकनं कर्कश हॉर्न वाजवला आणि माझा आकडा गेला. चौतीस की छत्तीस? मी आपली छत्तीस धरून पुढे गेले, अठ्ठेचाळीसला थांबले आणि तार तोडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "उकल."

"बरोबर आहेत, आबा."

"मी मोजलं न्हाईत. पर तुझं तोंड बघितलं. उकल."

मी रडत रडत उकललं. तो माणूस बिचारा दाराशी बसून सगळं बघत होता, त्याला माझी दया आली असावी. दुसऱ्या दिवशी वेटोळ्यांवरचं वार्निश वाळल्यावर तुम्ही मला बरोबर घेऊन मढला गेलात. विहिरीवर मोटार जोडली, तुम्ही बाजूला झालात आणि बटण मला दाबायला लावलंत. आधी नुसता घुंss असा आवाज येतो. पाइप खोकतो. मग पाणी येतं, पहिल्यांदा गढूळ आणि मग स्वच्छ. त्या माणसाची बायको पाटात पाय सोडून हसत होती, तिनं माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, म्हणाली, "पोरीच्या हातानं आलं गं बाई पाणी." आबा, इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. नंतरचं पुढे सांगते.

बारावीनंतर मी म्हणाले, मी दुकानात बसते. तुम्ही उठलात आणि मढच्या मोटारीपासून माझा झालेला फर्मा माळ्यावर टाकलात. "माझ्या भाकरीला जलमभर वार्निशचा वास आला," म्हणालात, "तुझ्या भाकरीला नगं." मी आठ दिवस जेवणावर राग काढला आणि मग पुण्याला कॉम्प्युटर शिकायला गेले. नोकरी लागली. पैशानं सुख मिळत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही, आबा. ज्यांचा पगार वेळेवर होतो त्यांनाच असलं बोलायला सुचतं. माझ्या पगारातून आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, घराला स्लॅब झाला, पावसाळ्यात गळतीखाली भांडी मांडायची थांबली. आईनं पहिल्यांदा सुईत दोरा ओवून दाखवला तेव्हा मी किती खूश होते, ते तुम्ही पाहिलंय.

पण पहिला पगार झाला त्या दिवसाचं सांगायचं राहिलंय. मी पाकीट आणून तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते देवापुढे ठेवलंत, गल्लीत पेढे वाटलेत, आणि सगळे गेल्यावर ओसरीवर माझ्याशेजारी बसलात. बराच वेळ बोटांवरचे तारेचे वळ चोळत राहिलात, मग विचारलंत, "मढला पाणी आलं तवा तुला झाल्तं, तसं झालं का गं आज?"

तुमच्या आवाजात भीती होती. तुम्हीच मला दुकानातून उठवलं होतं आणि ते चुकलं तर नाही ना, एवढंच तुम्हाला जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "त्याहून लई जास्त, आबा." तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तीनच वर्षं तुम्ही होतात, आणि पुन्हा कधी तुम्ही ते विचारलं नाहीत. मीही तुम्हाला निवांत बघून गप्प राहिले.

आज बाल्कनीत बारीक तार गुंडाळताना मोबाइल वाजला आणि माझा डावा हात आपोआप वर झाला. हसू आलं, मग रडू. हे पत्र मी मिक्सरच्या खोक्यात ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवणार? पाकिटातले पैसे बघून मला बरं वाटलं होतं, आबा, पण मढसारखं नाही. तसं पुन्हा कधीच झालं नाही. मी खोटं बोलले. आणि आता राहून राहून वाटतं, ओसरीवर त्या दिवशीही तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलं होतंत. फक्त 'उकल' म्हणाला नाहीत.