रेडिएटरवरचा शेवंतीचा हार

अप्पा, तुमची जीप परवा जाते आहे. अण्णाने गिऱ्हाईक आणलंय, कुंभकोणमकडचा कुणी नारळाचा व्यापारी. आला, बॉनेटवर दोन थापट्या मारल्या आणि "सेरी" म्हणून मान डोलावून गेला. मला असा राग आला! पण काढणार कुणावर? म्हणून तुमच्यावर काढते. तुम्ही जाऊन तीन वर्षं उलटली, उलट बोलायला काही येणार नाही. आणि हे देवनागरीत लिहिलेलं वाचणारं घरात माझ्याखेरीज कुणी नाही. अण्णा तुमचा लेक, आपली मराठी बोलतो, पण चार ओळी लिहायच्या झाल्या की तमिळ.

सगळं खूळ तुमचंच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालात, जुनी पेट्रोलची जीप घेतलीत, इथवर ठीक. मग कालव्याच्या बांधावर, चिखलात ती दमते म्हणून तिच्यात दुसऱ्या मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलंत. आणि रेडिएटर? तोच जुना, चिंचोळा! पंगत शंभराची नि पाणी वाढायला एक पेला. मी तेव्हाच विचारलं होतं, तर म्हणालात, "बघू गं पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात तुम्हीच नव्हतात. इंजिन तुमच्या हौसेचं, आणि त्याचा ताप माझ्या डोक्याला.

तुमचं शिकवणं मात्र विसरले नाही. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलाय, हातात कॉफीचा पेला, समोर पसरट वाटीसारखा डबरा. मी शाळेची पोर, घाई झालेली, कॉफी पोळतेय म्हणून कुरकुरतेय. तुम्ही माझी कॉफी पेल्यातून डबऱ्यात ओतता, वरून फुंकर घालता आणि म्हणता, "पसरट भांडं हवं आणि वाराही हवा. नुसतं एक असून भागत नाही." आई चुलीपाशी हसते, म्हणते, पोरीला उशीर होतोय आणि तुमचं आपलं इंजिनियरिंग चाललंय. मी आज कॉलेजात फिजिक्स शिकवते, उष्णतेचा धडा आला की मुलांना डबऱ्याचंच उदाहरण देते. मुलं मान डोलावतात. गाडी नाही डोलावत.

तीन वर्षं, अप्पा! दर रविवार त्या शेडमध्ये. नवं इंजिन थोडं खाली बसलेलं, म्हणून त्याचा पंखा रेडिएटरच्या खालच्या अर्ध्यातूनच वारा ओढायचा, वरचा अर्धा आपला नुसता शोभेला. हे मला कळायलाच एक उन्हाळा गेला. दुकानात जावं तर जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणतो अल्युमिनियमचा घ्या, दुसरा म्हणतो पितळेचाच, आपल्याकडे कथलाचा डाग लावून दुरुस्त तरी होतो. एक म्हणतो दोन पंखे लावा, एक म्हणतो थर्मोस्टॅटच काढून फेका. आणि सगळ्यांचं भरतवाक्य एकच: "अक्का, अण्णाला पाठवा ना." अण्णाला रेडिएटर कुठून उघडतात तेही माहीत नाही! अल्युमिनियमचा मोठा आणला, तर बॉनेट बसेना. बॉनेट बसवायला तो वाकडा केला, तर चालत्या गाडीत पंख्याचं पातं त्याला घासलं. आगीतून फुफाट्यात. त्या दिवशी मी शेडच्या दाराशी बसून रडले, हाताला ग्रीस, म्हणून डोळेही पुसता येईनात. आई ताकाचा पेला घेऊन आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि पेला ठेवून गेली.

शेवटी पितळेचा, उभा, जाड जाळीचा करून घेतला. पुढून वारा ढकलणारा पंखा नको, इंजिनाच्या बाजूने ओढणारा हवा, हे मी ठरवलं. विजेवरचा, म्हणजे पाण्यात गाडी घालताना बटण दाबून बंद करता येतो, नाही तर पाणी कापताना पातं वाकून रेडिएटरच फाडतं. भोवती पत्र्याचं कडं, म्हणजे वारा सगळ्या जाळीतून येईल, कडेने पळणार नाही. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा पुढच्या जाळीपाशी वर्तमानपत्राचं पान धरलं, आणि पंख्याने ते चटकन ओढून चिकटवलं. मी शेडमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या, अप्पा. खरंच.

अण्णा चेन्नईहून आला तो अट घेऊनच. गाडीचे कागद त्याच्या नावावर, शेडची जागा त्याला हवी. म्हणाला, "खंडेनवमीला, आयुधपूजेला, आईला घेऊन ओरत्तनाडूच्या शेतावर जायचं, बांधावरून आत, आणि परत. एकदाही उकळली नाही तर तुझी. उकळली तर विकायची." मी म्हटलं, बरं. मला खात्रीच होती.

पूजेच्या सकाळी आईने जीपला गंध लावलं, कुंकू लावलं, दोन बाजूंना केळीची रोपं बांधली, आणि पुढच्या जाळीवर आडवा शेवंतीचा हार. मनगटाएवढा जाड. मी आत हळद शोधत होते. तुम्हाला आठवतं ना, लहानपणी तुमच्या ऑफिसच्या जीपला मी असाच हार जाळीवर घातला होता? सगळ्या ड्रायव्हरांसमोर ओरडला होतात तुम्ही, "नाक दाबून नैवेद्य दाखवतेस का गं तिला?" त्यानंतर आपल्या घरात हार कायम आरशाला. दरवर्षी तुम्ही बजावायचात, दरवर्षी आई "हो हो" म्हणायची.

ओरत्तनाडूपर्यंत काटा थोडा वर, पण ठीक. बांधावर शिरलो, चिखलात चाकं फिरली, वेग गेला, पंखा लागला. आणि तो इतका चांगला पंखा, मी निवडलेला, त्याने तो हार ओढून जाळीवर थापला, पाकळ्या आत घेतल्या, जाळीची सगळी भोकं बुजवली. शेताच्या तोंडाशी वाफेचा लोट. अण्णा उतरून लांब उभा राहिला. हसला नाही, ते बरं केलं.

मी बॉनेट उघडून त्या शिजलेल्या फुलांकडे बघत राहिले. मग आईवर खेकसले, "तुला माहीत नव्हतं? इतकी वर्षं ऐकलंस ना?" आई जीपमधून उतरली नव्हती. मांडीवर प्रसादाचा डबा धरून म्हणाली, "माहीत होतं की. समजूनच बांधला." आणि डब्याचं झाकण दाबत, "ते गेले, बाई. आता तू तरी त्या गाडीखालून बाहेर ये."

तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललेले नाही. ती ताट वाढते, मी घेते. जेवते. तिला वाटतं मी तिच्यावर रागावलेय, आणि मी वाटू देते आहे. म्हणून हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, फक्त तुम्हाला सांगते. निघण्याआधी चाकांखाली लिंबं ठेवायला मीच वाकले होते. पुढच्या चाकाशी, जाळीच्या अगदी पुढ्यात. हार माझ्या तोंडासमोर होता, शेवंतीचा वासही आला. हात वर केला की निघाला असता. मी बघितला, अप्पा, आणि म्हटलं, राहू दे.